थोरल्या घरचं नाव

ल्युमेग पाठीवर पिशवी आणि गालात सुपारी धरून अंगणात उभी राहिली, तेव्हा रेसरेसला पहिली काळजी चादरींची पडली. ताइपेइच्या नाट्यगृहानं पाठवलेली बाई म्हटल्यावर तिला पांढरी चादर लागणार, वेगळा टॉवेल लागणार, आणि घरात तर कित्येक दिवसांत काही धड वाळलं नव्हतं. पाऊस नुसता लागून राहिला होता. अंबाडीचा हंगाम ऐन भरात आलेला, डोंगरउतारावर बोंडं लालभडक होऊन ताटकळत होती, आणि आभाळ काही उसंत देईना. तोडावीत तर भिजकी, ठेवावीत तर झाडावरच कुजणार.

"झेपुलचं घर हेच ना?" बाई बोलली ती आपल्याच पायवान बोलीत, फक्त हेल दक्षिणेकडचा. "मी तिला नाटक लिहायला शिकवायला आलेय. कागदावर तरी तसंच आहे."

चादरीचं विचारायची वेळच आली नाही. बाई सरळ पत्र्याच्या शेडमध्ये शिरली, बोंडांच्या ढिगासमोर फतकल मारून बसली आणि कुणी सांगायच्या आत तिनं एक नळी उचलली. बोंडाच्या बुडाला नळी लावायची, अंगठ्यानं रेटा द्यायचा, की आतली हिरवी गाठ टपकन खाली पडते आणि लाल पेला हातात राहतो. हिनं पाच-सहा बोंडं सटासट मोकळी केली. रेसरेसच्या शेजारी बसलेली म्हातारी उदालान तिच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"शिकलेल्या बाईचा अंगठा असा काळा कसा गं?"

"शिकायच्या आधी आईनं मला याच कामाला बसवलं होतं," ल्युमेग म्हणाली. "नाटकं त्यानंतरची. चुना आहे का कुणाकडं?"

नाट्यगृहानं डोंगरातल्या गावांतून नवे नाटककार शोधायचं ठरवलं होतं. आजवर त्यांच्या रंगमंचावर डोंगरातली माणसं आली ती नाचायला आली. लिहिणारे खालचे, नाचणारे वरचे, असा जुना रिवाजच होता. या भागातून तिघं निवडली होती. एक कारखान्यात लागला, एकीचं लग्न झालं, आणि उरली ती रेसरेसची झेपुल. शहरात दुकानात काम करून हंगामापुरती घरी आलेली, बोलायला कमी, आणि आपण लिहितो हे सांगताना चोरी पकडल्यासारखी मान खाली घालणारी. ल्युमेगनं तिला पहिल्याच दिवशी दरडावलं.

"इथं वाच. या बायकांसमोर. यांचे हात चालत राहिले तर पान फाडायचं. हात थांबले तर ठेवायचं. याच्याहून मोठी परीक्षा मला ठाऊक नाही."

मग रोज तेच सुरू झालं. सकाळी पावसात भिजत बोंडं तोडायची, पाठीवरच्या टोपल्यांनी वाहून आणायची, आणि दुपारी शेडमध्ये सोलत बसायचं. आंबट रसानं बोटांच्या चिरा चुरचुरत. पाठीचा मणका सरकलेला रेसरेसचा नवरा लेगेआय कोपऱ्यात बसून सडकी बोंडं निवडायचा. बांधकामावरच्या परांचीवरून पडल्यापासून त्याच्याकडे बसून करायचीच कामं होती. आणि झेपुल भिंतीला टेकून वाचायची. डोंगरावर धुकं कसं उतरतं, धुक्यात पूर्वज कसे बोलतात, असं पानभर वाचून झालं तरी नळ्यांचा आवाज काही खंडला नाही. उदालाननं तर जांभई दिली.

"हे धुकं कुणासाठी लिहिलंस?" ल्युमेगनं विचारलं. मग तिनंच उत्तर दिलं. "मी सांगते. फानबाईंसाठी. त्यांना धुकं फार आवडतं." फानबाई म्हणजे नाट्यगृहातर्फे हे सगळं बघणारी बाई. "आपल्याकडं धुकं पडलं की आपण काय म्हणतो?"

"सर्दी होईल, म्हणतो," उदालान म्हणाली.

"मग ते लिही."

शेडमध्ये हशा पिकला. झेपुलसुद्धा हसली, आणि रेसरेसला बरं वाटलं. पोरगी घरी आल्यापासून पहिल्यांदा हसत होती. हळूहळू रेसरेसही मध्ये तोंड घालायला लागली. नवऱ्याशी असं गोड कुणी बोलत नाही, डुक्कर धरताना एवढी लांब वाक्यं सुचत नाहीत, असं काहीबाही. ल्युमेग प्रत्येक वेळी झेपुलकडे बोट दाखवायची. "ऐकलंस? लिहून घे. नको असेल तर का नको ते मला सांग. पण मुकाट मान हलवू नकोस, माझं डोकं फिरतं."

एका दुपारी झेपुलनं नवा प्रवेश काढला. घर गरिबाचं. मुलगी जन्मलेली. दारात थोरल्या घरचा माणूस येतो आणि विचारतो, काय नाव ठेवलंत? बाळंतीण म्हणते, "मुलानेंग. माझ्या लेकीचं नाव मुलानेंग."

शेडमधल्या सगळ्या नळ्या थांबल्या.

मुलानेंग हे नाव गावात कुणाचंही नव्हतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. ते थोरल्या घरचं, म्हणजे सरदारांच्या घरचं. त्या घरात थोरली लेक जन्मली तर तिला ते मिळायचं, बाकीच्या गावानं ते नुसतं ऐकायचं. नाव, गोष्ट, अंगरख्यावरची नागाची नक्षी, सगळं ज्या त्या घरच्या मालकीचं. विचारल्याशिवाय कुणी हात लावत नसे.

"अगं बाई," उदालान हळूच म्हणाली. "हे नाव मोठ्यानं वाचलंस तू?"

रेसरेसनं लेकीचा दंड धरला आणि तिला मागच्या नळकोंडाळ्यावर नेलं.

"ते बदल."

"किना," झेपुलनं आईला हाक मारली, "ती तुझी गोष्ट आहे."

"म्हणूनच सांगते. बदल."

हंगामातच केव्हातरी, सोलता सोलता, तिनं पोरीला ती गोष्ट सांगितली होती. सांगितली तीही हसत. तिचा बाप बोटीवर बरीच वर्षं काढून परतला होता, मालकाच्या थपडा खाऊन, पण ताठ मानेनं. लेक झाली तेव्हा त्यानं थोरल्या घराला न विचारता तिचं नाव मुलानेंग ठेवलं. रांगायच्या आत ते काढून घेतलं गेलं. बापानं पाठीवर डुक्कर वाहून थोरल्या अंगणात नेलं, वाकून माफी मागितली, नाव परत केलं. मग आत्याचं नाव ठेवलं, रेसरेस. ते नाव बापाच्या तोंडून मात्र तिनं कधी ऐकलं नाही. मरेपर्यंत तो तिला "ए" म्हणायचा. ए, इकडं ये. ए, भात वाढ. सांगताना तिला त्याची गंमत वाटली होती. लेकीला ती वाटली नव्हती, एवढं आता तिच्या लक्षात आलं.

नाव शेडमध्येच राहिलं असतं, तर निभावलं असतं. पण झेपुलनं तो प्रवेश आदल्याच दिवशी फानबाईंना धाडला होता, आणि फानबाईंनी आनंदाच्या भरात थेट थोरल्या घरी फोन लावला. तुमच्या गावच्या मुलीनं मुलानेंगवर नाटक लिहिलंय, गावात त्याचं जाहीर वाचन करू, त्याला मानाच्या पाहुण्या म्हणून या. त्यांना वाटलं, आपण मोठ्यांचा मान ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेसरेस सोललेल्या बोंडांच्या टोपल्या घेऊन वाळवणीच्या यंत्राशी गेली. यंत्र थोरल्या घरच्या कापांगचं. अशा पावसात गावाची अंबाडी त्याच्याकडेच वाळायची.

"जागा नाही," कापांग म्हणाला. त्याच्या पाठीमागे रिकामे ट्रे एकावर एक रचून ठेवलेले होते. रेसरेसला ते दिसत होते, आणि तिला दिसताहेत हे त्यालाही दिसत होतं.

"उद्या येऊ?"

"लेकीला विचार. नाटकात बघून सांगेल ती, जागा कधी होते ते."

रांगेतल्या बायका आपापल्या टोपल्यांत बघू लागल्या. रेसरेसनं टोपल्या पुन्हा पाठीला लावल्या आणि आल्या वाटेनं परत वाहून नेल्या. ओली अंबाडी जड असते. परतीची तर फारच.

संध्याकाळ व्हायच्या आत ती सुपारी आणि राळ्याच्या दारूची बाटली घेऊन थोरल्या घरी गेली. पाटीच्या दगडाचं फरसबंद अंगण, वर उंच ओटा, ओट्यावर त्या घरची प्रमुख, वुवु तानुबाक. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला वुवुच म्हणतात, पण हिला म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा. रेसरेसला खालच्या बाकावर बसवलं. बाक ओला होता.

"तू लेगेआयची बायको ना?" म्हातारीनं विचारलं. "तुझं नाव काय गं?"

रेसरेसनं नाव सांगितलं.

"हां, हां. तुझा बाप आठवतो. चांगला माणूस. चुकला आणि चूक कबूल केली." म्हातारीनं सुपारी घेतली, म्हणजे राग निवायला वाट होती. "हे बघ पोरी. जपानी आले, त्यांनी आमची नावं पुसली आणि आपली चिकटवली. ते गेले, मग नवं सरकार आलं, त्यानं आणखी तिसरीच लिहिली. माझ्या आईनं या घरची नावं तोंडातल्या तोंडात घोकून जपली, म्हणून ती आज आहेत. आता पोरीबाळी ती नाटकात वापरणार? ताइपेइची माणसं तिकिटं काढून ऐकणार?"

म्हातारीचं खोटं नव्हतंच.

"माझं नाटकाशी भांडण नाही," तानुबाक म्हणाली. "इथंच वाचा, माझ्या अंगणात. खुर्च्या मी देते. फक्त ते नाव घेऊ नका. पोरगी म्हणा. काय बिघडलं? कापांगला सांगते, ट्रे मोकळे कर म्हणून."

फानबाई वाचनाच्या आदल्या दिवशी आल्या. शेडमध्ये उभ्या राहून त्यांनी बूट वाचवत बोलायचा प्रयत्न केला. बाई मनानं वाईट नव्हत्या. गावाला न विचारता गावाच्या गोष्टी उचलायच्या हा प्रकार त्यांच्या नाट्यगृहानं पूर्वी बराच केला होता, आणि आता त्यांना तो मनापासून नको होता.

"समाजाची संमती असल्याशिवाय आम्ही नाटक ताइपेइला नेणार नाही," त्या म्हणाल्या. "मुख्य घरानं हो म्हटलं पाहिजे. हा आदराचा प्रश्न आहे."

"समाज म्हणजे कोण हो बाई?" ल्युमेगनं विचारलं. हात चालूच होते. "ही उदालान समाजात येते का? हा मोडक्या पाठीचा लेगेआय? की समाज ओट्यावरच बसतो, आणि ओट्याखाली बसतात ते नुसते प्रेक्षक?"

"तुम्ही मला कोंडीत पकडताय."

"पकडतेच आहे. आमच्यातला जो सगळ्यात उंच बसलाय त्यालाच विचारायचं, आणि त्याला आदर म्हणायचं. तुमची सोय चांगली आहे."

फानबाईंचा चेहरा उतरला. त्या गेल्यावर झेपुल ल्युमेगसमोर येऊन बसली.

"तुम्हीच सांगा, किना ल्युमेग. नाव ठेवू का काढू?"

"मी नाही सांगणार."

"तुम्ही शिकवायला आलात ना?"

"वाक्य कुठं लंगडतं ते सांगीन. कुठं खोटं रडतेस ते सांगीन. पण नाव तुझ्या पानावर आहे, त्याचा मार तुला खायचाय आणि तुझ्या घराला. ते मीच ठरवलं, तर उद्या तू माझं नाटक लिहिशील, परवा फानबाईंचं. ठरव आणि मग माझ्याशी भांड, हवं तर."

झेपुलनं ढिगाकडे पाहिलं. खालची बोंडं काळी पडायला लागली होती, आंबूस वास सुटला होता. मग तिनं पेन काढलं आणि पानापानावर जाऊन ते नाव खोडलं. वर लिहिलं, पोरगी. रेसरेस पलीकडे बसून बघत होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी स्वतःचाच राग आला. पोरीनं पहिल्यांदा धीर करून काही मोठ्यानं म्हटलं होतं, आणि ते आपण तिच्याकडून परत करवलं. आता पाठीवर डुक्कर तेवढं नव्हतं.

वाचायला माणसं शेडमधलीच. ल्युमेगचा तसा हट्टच होता. बाळंतीण रेसरेस, कारण ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. बाप लेगेआय. थोरल्या घरचा माणूस स्वतः ल्युमेग. तालमीत रेसरेस म्हणायची, "पोरगी. माझ्या लेकीला पोरगी म्हणतो." ल्युमेग फक्त सुपारी थुंकायची. उदालान मात्र एकदा म्हणालीच, "मग थोरल्या घरचा माणूस चिडतो कशाला? पोरीला पोरगी म्हटलं, त्यात काय?"

वाचनाच्या दुपारी पाऊस थांबला. थोरल्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, अर्धं गाव जमलं होतं. ओट्यावर वुवु तानुबाक डोक्याला मानाचं गरुडाचं पीस खोवून बसली होती, शेजारी फानबाई. सुरुवात छान झाली. सर्दीच्या वाक्याला लोक खळखळून हसले. तानुबाकसुद्धा हसली. रेसरेस उभी राहिली तेव्हा अंबाडीनं लाल झालेले हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. तिनं ते पोटाशी धरले. बाळ धरल्यासारखेच दिसले ते.

ल्युमेग कंबरेवर हात ठेवून पुढे आली. "काय नाव ठेवलंत?"

रेसरेसनं ओट्याकडे पाहिलं. तिला आपला बाप दिसला नाही की काही नाही. तिला दिसली ती भिंतीला टेकलेली झेपुल, मान खाली घालून, चोरी पकडल्यासारखी. पोरगीच ती. आईच्या जागी आपण उभ्या, आणि तिची मान अशी खाली?

"मुलानेंग," रेसरेस म्हणाली. "माझ्या लेकीचं नाव मुलानेंग."

झेपुलची मान झटकन वर आली. तानुबाकच्या काठीचा आवाज झाला, कापांग खुर्चीतून उठला, फानबाई दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "आपण जरा थांबूया का? जरा थांबूया."

ल्युमेग थांबली नाही. ती थोरल्या घरचा माणूस होती आणि तिला पुढचं वाक्य होतं.

"काय म्हणालीस? परत सांग."

"मुलानेंग!" या वेळी रेसरेसचा आवाज भिंतींना लागून परत आला. आणि मग नाटकात नसलेलं बोलली, सरळ ओट्याकडे तोंड करून. "वुवु, तुमच्या आईनं नाव जपलं, खरं आहे. त्याचे उपकार आहेत. पण माझ्या बापानं ते नाव आवडलं म्हणून ठेवलं होतं हो. चोरायला नाही. त्यानंतर त्यानं मला कसलीच हाक मारली नाही. तेवढं आम्ही सांगणार. आमच्या घरात घडलं, ते आमचं आहे."

तानुबाक ओट्यावरून उठली. मग कापांगला म्हणाली, "खुर्च्या उचल." आणि काठी टेकत आत गेली.

कापांगनं लोकांना उठवून उठवून खुर्च्या ओढल्या. बरेच जण त्या निमित्तानं घरी गेले. जे राहिले ते उभे राहिले, आणि मग ओल्या फरशीवर बसले. फानबाईंना कळेना कुठं बसावं. शेवटी त्याही खाली टेकल्या. झेपुल पुढं आली. तिनं हातातली खोडलेली पानं दुमडून खिशात घातली आणि पुढचा प्रवेश तोंडपाठ सुरू केला. लेगेआय मोडक्या पाठीवर अंबाडीचं पोतं डुक्कर म्हणून घेऊन अंगणभर वाकून चालला, प्रत्येक पावलाला दात खात, आणि त्यात अभिनय थोडाच होता. कुणी हसलं नाही.

संपल्यावर फानबाई अपराध्यासारख्या म्हणाल्या, "झेपुल, नाटक चांगलं आहे. पण आता ते ताइपेइला नेता येणार नाही."

"नका नेऊ," झेपुल म्हणाली. "पुढच्या गावात नेते मी. तिथंही असली नावं परत केलेली घरं असतील."

"तिसऱ्या प्रवेशात दोन वाक्यं जास्त आहेत," ल्युमेग म्हणाली, आणि तोंड फिरवून तिनं डोळे पुसले.

फाटकाशी कापांग उभा होता. "उद्या टोपल्या आणू नका," तो लेगेआयला म्हणाला. "परवाही नको."

"नाही आणत. बरण्या आहेत घरात. साखरेत मुरवू, उरेल ते रस्त्यावर वाळायला पसरू. रस्ता तर तुझ्या घरचा नाही ना?"

घरं वेगळी होतात त्या वळणावर उदालान थांबली. तिनं तोंडातली सुपारी थुंकली, आजूबाजूला कोण आहे याची फिकीर न करता.

"येते गं मुलानेंग," ती म्हणाली. "उद्या लवकर तोडायला घे, ऊन पडेल बहुतेक."

"हो, ये," मुलानेंग म्हणाली.